वॉरंट नव्हतं, पण मग कागद कोणता होता?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वडील ६२ वर्षांचे. शेती अवजारांच्या दुकानात त्यांचा एक भागीदार होता, हिशेबावरून बिनसलं आणि त्याने 'माझी फसवणूक केली' अशी तक्रार पोलीस ठाण्यात दिली. संध्याकाळी सहाच्या सुमाराला साध्या वेशातले दोघे घरी आले, 'साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटांचं काम आहे' म्हणाले आणि वडिलांना घेऊन गेले. रात्रभर बाकावर बसवलं, दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं आणि सोमवारी परत या म्हणून सांगितलं. हातात कागदाचा कपटाही दिला नाही. तुमचा प्रश्न असा की, वॉरंट नसताना पोलीस असं नेऊ शकतात का?

मी ३३ वर्षं महाराष्ट्र पोलीस दलात होतो. उपनिरीक्षक म्हणून लागलो आणि निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. आता मुलीच्या वकिलीच्या ऑफिसात बसतो, तिथे तुमच्यासारखी घरं रोज येतात. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेलो असल्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करतो. वॉरंट म्हणजे न्यायालयाचा हुकूम, आणि दखलपात्र गुन्ह्यात अटक करायला पोलिसांना तो लागत नाही. दरोडा, खून, बलात्कार, फसवून मालमत्ता घेणं हे सगळे दखलपात्र. त्यामुळे दारात आलेल्या हवालदाराला तुम्ही 'वॉरंट दाखवा' म्हणालात, तर तो 'लागत नाही' म्हणेल, आणि ते खरंच असेल. बोलणं तिथेच संपतं, आणि जो प्रश्न त्याला खरोखर अडचणीत आणला असता तो विचारायचा राहून जातो. तो प्रश्न असा: 'तुम्ही अटक करताय का? करत असाल तर गुन्हा नंबर, कलम आणि अटकेचं कारण लेखी द्या. करत नसाल तर नोटीस द्या.' कायद्यात तिसरी वाट नाही. वडिलांच्या बाबतीत वापरली गेली ती नेमकी ही नसलेली तिसरी वाट.

अदखलपात्र गुन्ह्यांचा, म्हणजे लोकांच्या भाषेत 'एनसी'चा, मामला वेगळा. शिवीगाळ, साधी दमदाटी, हत्याराशिवाय केलेली किरकोळ मारहाण यांची नोंद होते, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. अपवाद आहे, पण अगदी लहान: पोलिसासमोर असा गुन्हा करणाऱ्याने नाव-पत्ता सांगायला नकार दिला किंवा खोटा सांगितला, तर खरा पत्ता कळेपर्यंत त्याला थांबवता येतं. भागीदारीच्या भांडणात हमखास येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे चेक न वटणं. त्याची फिर्याद थेट न्यायालयात होते. पोलीस दारात येतात ते तारखांना गैरहजर राहिल्यावर न्यायालयाने काढलेलं वॉरंट घेऊन. तिथे मात्र 'वॉरंट दाखवा' हा प्रश्न अगदी योग्य आहे.

आता तुमच्या प्रकरणाकडे येतो. फसवून मालमत्ता घेतल्याचा आरोप भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली येतो, जुनं ४२० ते हेच. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. हे ऐकून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पण 'सात वर्षांपर्यंत' हेच तुमच्या बाजूचे शब्द आहेत.

मी नोकरीला लागलो तेव्हा दखलपात्र गुन्हा म्हणजे अटक, हे आमच्या अंगवळणी पडलेलं होतं. फिर्यादीचं समाधान व्हावं, वरिष्ठांना 'आरोपी अटक' असा अहवाल जावा, वर्तमानपत्रात दोन ओळी याव्यात, अशा कारणांनी माणसं आत जायची. जवळपास ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात असं राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या तिसऱ्या अहवालात नोंदवलं होतं. त्याचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या जोगिंदर कुमार प्रकरणात सांगितलं की अटकेचा अधिकार असणं ही एक गोष्ट आणि तो वापरण्याचं समर्थन असणं ही दुसरी. माझ्या पिढीच्या अधिकाऱ्यांना हे वाक्य पटायला बरीच वर्षं लागली, मलाही लागली. शेवटी कायदाच बदलला. १ नोव्हेंबर २०१० पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१ ला लगाम बसला, आणि १ जुलै २०२४ पासून तोच मजकूर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे.

त्यातला गाभा असा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात नुसता संशय किंवा नुसती तक्रार अटकेला पुरत नाही. या माणसाने गुन्हा केला असं मानायला आधार हवा आणि शिवाय अटकेची गरज हवी. तो पुन्हा गुन्हा करेल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदारांवर दबाव आणेल, अटकेशिवाय तपासच नीट होणार नाही किंवा तो न्यायालयात हजर राहील याची खात्री नाही, यांपैकी काहीतरी. आणि ते कारण तपासी अधिकाऱ्याने लिहून ठेवायचं. अटक केली तर का केली ते, आणि नाही केली तर का नाही तेही. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की ही कारणं दंडाधिकाऱ्यांसमोर गेली पाहिजेत आणि त्यांनीही ती न वाचता कोठडी देऊ नये. दोघांपैकी जो चुकेल त्याच्यावर कारवाई होऊ शकते. ते प्रकरण विवाहितेच्या छळाच्या कलमाचं होतं, पण तत्त्व सात वर्षांपर्यंतच्या सगळ्याच गुन्ह्यांना लागू आहे.

सात वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत ही गरज दाखवायची अट इतकी कडक नाही. तिथे विश्वासार्ह माहिती आणि गुन्हा केल्याचं मानायला आधार असला तर अटक होते. डोळ्यांसमोर दखलपात्र गुन्हा घडला, फरार घोषित झालेला आरोपी सापडला, कोणी पोलिसाच्या कामात अडथळा आणला किंवा कायदेशीर कोठडीतून पळाला, तर तिथल्या तिथे धरता येतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. रस्त्यावर चाकू घेऊन धावणाऱ्या माणसाला आधी नोटीस देत बसता येत नाही.

तुमच्यासारख्या प्रकरणात तपासी अधिकारी काय विचार करतो ते सांगतो, कारण मी तो बऱ्याचदा केलाय. हिशेबाचा वाद आहे, म्हणजे पुरावा कुठे? वह्या, बिलबुकं, बँकेचे उतारे, मोबाईल. ते आरोपीच्या ताब्यात आहेत, म्हणजे तो ते गायब करू शकतो. झालं, अटकेचं कारण तयार. हेच कारण तुम्ही त्याच्या हातातून आधी काढून घेऊ शकता. वह्यांच्या आणि उताऱ्यांच्या झेरॉक्सचा एक संच, सोबत 'मूळ कागद मागाल तेव्हा हजर करू' असा सहीचा अर्ज, असं ठाण्यात देऊन पोच घ्या. पत्ता, दुकानाचा परवाना, गावातलं घर यांचे कागद जोडा, म्हणजे पळून जाण्याची शंका उरत नाही. भागीदाराला किंवा त्याच्या दुकानातल्या मुलांना तुमच्यापैकी कोणीही फोन करू नका. तो एक फोन 'साक्षीदारावर दबाव' म्हणून लिहिला जातो. माझ्या अनुभवात वकिलाच्या युक्तिवादापेक्षाही या तीन गोष्टींनी जास्त अटका टळल्या आहेत.

अटक नको असेल तर पोलिसांनी काय करायचं? कलम ३५(३) ची नोटीस द्यायची: अमुक गुन्ह्यात, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी हजर राहा. ती लेखी हवी. व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. नोटीस मिळाली की घाबरू नका, ती तुमची ढाल आहे. तिच्याप्रमाणे वडील हजर राहत गेले, तर त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. करायचीच झाली तर नवी कारणं लिहावी लागतात. नोटीस मिळूनही गेले नाहीत, तर मात्र अटकेचं कारण तुम्ही स्वतःच पुरवलं असं होईल.

आता त्या रात्रीबद्दल. 'अटक नव्हती, चौकशीला बसवलं होतं' असं ठाण्यात सांगतील. हा बचाव कायद्यात टिकत नाही. माणसाला उठून घरी जाता येत नसेल, तर त्याचं स्वातंत्र्य गेलं आणि अटक त्याच क्षणी सुरू झाली; कागदावर कोणती वेळ घातली याने फरक पडत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने हे १९९० मध्ये सीमाशुल्क विभागाच्या एका प्रकरणात सांगितलंय. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मधले २४ तास त्या क्षणापासून मोजायचे, प्रवासाचा वेळ तेवढा वजा.

यातलं मला जे माहीत आहे ते पुस्तकातून आलेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तालुक्याच्या ठाण्यात होतो. चोरीच्या संशयावरून एका शेतमजुराला दुपारी चारला आणलं. वरिष्ठ म्हणाले, सकाळी दाखवू. दुसऱ्या दिवशी स्टेशन डायरीत सकाळी आठची अटक मी माझ्या हाताने लिहिली. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी सातला त्याला दंडाधिकाऱ्यांच्या निवासस्थानी हजर केलं. कागदावर २३ तास, प्रत्यक्षात ३९. त्यांनी त्याला विचारलं, कधी आणलं? तो गप्प राहिला. मागे त्याची बायको उभी होती, ती म्हणाली, 'परवा रातच्याला भाकरी म्या दिली की ह्यांना.' दंडाधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, 'सकाळी अटक, मग आदल्या रात्रीची भाकरी कोणी खाल्ली?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी जामीन दिला आणि ती नोंद खुलाशासाठी अधीक्षकांकडे पाठवली. तो माणूस चोर होता की नव्हता हे मला आजही माहीत नाही, कारण त्या खोट्या वेळेनंतर आमच्या तपासातलं काहीच विश्वासाचं राहिलं नाही. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक ठाणे अंमलदाराला मी सांगत आलो: माणूस दारातून आत आला तीच वेळ लिही.

म्हणून तुम्हीही आजच्या आज वेळा लिहून काढा. किती वाजता आले, गाडी कोणती, नंबर आठवत असेल तर तो, डबा कोणी कधी दिला, कोणाशी बोलणं झालं. घराजवळच्या दुकानात कॅमेरा असेल तर चित्रण मागून ठेवा. पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचे डिसेंबर २०२० चे निर्देश आहेत, चित्रण १८ महिने जपण्याची अपेक्षा आहे. तरी वाट पाहू नका. त्या तारखांचं चित्रण राखून ठेवावं असा अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा.

वयाबद्दल. 'साठीवरच्या माणसाला अटकच करता येत नाही' असा मेसेज फिरतो, तुमच्याकडेही आला असेल. तो अर्धवट आहे. कलम ३५(७) प्रमाणे तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा आजारी-अशक्त असेल, तर उपअधीक्षकांची आधी परवानगी लागते. फसवणुकीला शिक्षा सात वर्षांपर्यंत, त्यामुळे ही सवलत वडिलांना मिळणार नाही. पण दुसरी एक मिळू शकते. त्यांना आरोपी म्हणून बोलावलेलं नसून माहिती घ्यायला, साक्षीदार म्हणून बोलावलं असेल, तर कलम १७९ लागतं. त्यालाही लेखी आदेश हवा, आणि साठीवरच्या पुरुषाला किंवा कोणत्याही स्त्रीला त्यासाठी राहत्या घराबाहेर यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं. म्हणून सोमवारी पहिला प्रश्न हाच विचारा: वडील आरोपी आहेत की साक्षीदार?

आणि इथे मला अंधारात लिहावं लागतंय, कारण गुन्हा नोंदला गेलाय की नुसता 'अर्ज' चौकशीला आहे, हे तुमच्या लिहिण्यातून कळत नाही. बऱ्याच आर्थिक तक्रारी आधी अर्ज म्हणून फिरतात. व्यावसायिक वादांत प्राथमिक चौकशीला २०१३ च्या ललिता कुमारी निकालाने वाव ठेवलाय, त्यामुळे त्यात गैर काही नाही. पण अर्जावर माणूस रात्रभर बसवायचा आणि 'पैसे मिटवून टाका, नाहीतर गुन्हा दाखल करतो' असं सुचवायचं, हे वसुलीचं काम झालं. पैशांचा वाद सोडवायला दिवाणी न्यायालय आहे, पोलीस ठाणं नाही. वडिलांना असं कोणी म्हणालं असेल तर तेही वेळेसकट लिहून ठेवा, आणि कोणत्याही 'समजुतीच्या कागदावर' ठाण्यात बसून सही करू देऊ नका.

गुन्हा नोंदलाय का हे बघायला महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ठाणं आणि तारीख टाकून प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, शोधा. संवेदनशील गुन्हे सोडून बाकीच्या साधारण एका दिवसात तिथे टाकाव्या लागतात. गुन्हा असेल तर वकिलाला घेऊन सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा विचार करा. नसेल तरी अर्ज करता येतो, रास्त भीती पुरते. मात्र घाई करावी की थांबावं, हे तुमच्या वकिलाने कागद बघूनच ठरवावं. कधी कधी अर्ज केल्यावर सरकारी वकील सांगतात की अटकेची गरजच नाही, नोटीस देऊ. ते नोंदीवर येणं हेही मोठं काम असतं.

समजा उद्या खरोखर अटक झालीच, तर काय बघायचं? अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट वाचता यायला हवं. अटकेचा कागद जागेवर व्हायला हवा, त्यावर घरच्या माणसाची किंवा गल्लीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि वडिलांची सही, वेळेसकट. कुठे ठेवलंय हे वडील सांगतील त्या माणसाला पोलिसांनी कळवायचं. वैद्यकीय तपासणी करायची. चौकशीच्या दरम्यान वकिलाला भेटता येतं, अर्थात पूर्ण वेळ शेजारी बसवून नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अटकेची कारणं लेखी, आरोपीला कळणाऱ्या भाषेत. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. त्याच क्षणी लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगून, पण कोठडीसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात हवा. 'कलम ३१८(४) खाली अटक' एवढी ओळ म्हणजे कारण नव्हे. काय केलं, कधी केलं, पुरावा कोणता आणि अटक का हवी, हे त्यात असलं पाहिजे.

एक इशारा देतो, कारण यात लोकांची निराशा होते. अटक बेकायदा ठरली तर माणूस सुटतो, पण गुन्हा संपत नाही. तपास चालू राहतो आणि रीतसर कारणं देऊन पुन्हा अटकही होऊ शकते. म्हणून अटकेतली चूक पकडली तरी मूळ आरोपाचं उत्तर तयार ठेवावंच लागतं.

निवडणुका आणि सणांच्या काळात 'एकशेएक्कावन्न'खाली माणसं उचलतात, ते वेगळं प्रकरण. आता ते कलम १७० आहे. दखलपात्र गुन्हा होणारच आहे आणि दुसऱ्या मार्गाने टळणार नाही, असं असेल तरच, आणि तेही साधारणपणे २४ तासांच्या आत. तुमच्याकडे त्याचा संबंध दिसत नाही. घरातल्या बायकांबद्दल तुम्ही काळजी लिहिलीय, तर एवढं लक्षात ठेवा: सूर्यास्त ते सूर्योदय स्त्रीला अटक करायची तर कारण अपवादात्मक हवं, महिला अधिकारी हवी आणि प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी हवी.

सोमवारी वडिलांना एकटं पाठवू नका आणि जाणं टाळूही नका. सोबत वकील असावा. परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० ला फोन करा. ठाण्यात शिरताना ठाणे अंमलदाराला आल्याची वेळ डायरीत घ्यायला सांगा, कागदपत्रांच्या अर्जाची पोच घ्या, नोटीस मागा. ते पुन्हा 'बसा जरा' म्हणाले तर वकिलाने शांतपणे विचारावं की अटक आहे का, नसेल तर आम्ही निघतो. आवाज चढवू नका आणि कोणाला हात लावू नका. मुलाने दारात धक्काबुक्की केली म्हणून वडिलांचं साधं प्रकरण बाजूला राहिलं आणि मुलावर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा झाला, असं मी पाहिलंय. वडिलांना रक्तदाबाची गोळी आहे म्हणालात, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स आणि दोन दिवसांच्या गोळ्या त्यांच्या खिशात असू द्या. गुन्हा नंबर मिळाला की कलमं कळवा, ती बघून पुढचं लिहितो.